परदेशी पगार, मावळातले दिवस

परदेशातून भारतात नोकरीला येणाऱ्या माणसाला आयकरात खास सवलत नाही, असं कुठलाही सीए सांगेल. बव्हंशी ते खरं आहे. अपवाद पाहायचा तर मावळ तालुक्यात गहुंज्याला जावं. द्रुतगती मार्गावरून दिसणारं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं ते मैदान २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे दोन महिने खेळून जाणाऱ्या परदेशी क्रिकेटपटूचा कर आपल्या नेहमीच्या टप्प्यांनी मोजत नाहीत. त्याला सरसकट २० टक्के.

याचं मूळ १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ११५ बीबीए या कलमात आहे. खेळाडू भारताचा नागरिक नसावा आणि त्या आर्थिक वर्षात इथला रहिवासी ठरलेला नसावा, एवढ्या दोन अटी. मग भारतात खेळून, जाहिरातीत झळकून, अगदी इथल्या खेळाविषयी वर्तमानपत्रात लेख लिहून जे मिळेल त्यावर २० टक्के आणि वर अधिभार, उपकर. खर्चाची वजावट एका रुपयाचीही नाही, पण पैसे देणाऱ्याने कर आधीच कापून भरला असेल तर विवरणपत्र भरायची कटकटही नाही. २०१२ मध्येच परदेशी गायक-वादक-नटांनाही या कलमात घेतलं गेलं.

आकड्यात पाहू. २०१७ च्या आयपीएल लिलावात रायझिंग पुणे सुपरजायंटने बेन स्टोक्सला १४ कोटी ५० लाखांना घेतलं. परदेशी खेळाडूसाठी तोवर लागलेली ती सर्वांत मोठी बोली होती, आणि संघाचं घरचं मैदान होतं गहुंजे. लिलावातली पूर्ण रक्कम धरली, त्यावर २० टक्के कर, १५ टक्के अधिभार आणि तेव्हाचा ३ टक्के उपकर लावला, तर कर होतो साधारण ३ कोटी ४३ लाख. तेवढीच कमाई इथल्या माणसाची असती, तर वरच्या ३० टक्क्यांच्या दराने तो ५ कोटी १५ लाखांच्या आसपास गेला असता. पावणेदोन कोटींचा फरक! अर्थात हा फरक खेळाडूच्या खिशात राहतोच असं नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा वरचा दर ४५ टक्के होता, आणि तिथला रहिवासी खेळाडू भारतात भरलेला कर वजा करून उरलेला फरक तिकडे भरतो. भारताने सोडलं ते बऱ्याचदा दुसऱ्या देशाच्या तिजोरीत जातं.

त्याच मैदानावर उभा असलेला परदेशी पंच मात्र या सवलतीत बसत नाही. पंच आणि सामनाधिकारी हे खेळाडू नव्हेत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. सहा तास उन्हात उभं राहूनही पंच करापुरता खेळाडू होत नाही. मैदानाचा आराखडा केला तो ब्रिटिश वास्तुरचनाकार मायकेल हॉपकिन्स यांच्या कार्यालयाने. तशा फीचा हिशोब आणखी निराळ्या कलमांनी होतो. म्हणजे मैदान एक, पासपोर्टही एकाच देशाचा, आणि कर तीन तऱ्हांचे.

या कलमाला मी सवलत म्हटलं खरं, पण सरकारच्या बाजूने ती वसुलीची सोय आहे. दोन महिन्यांनी मायदेशी जाणाऱ्या माणसामागे नोटिसा घेऊन कोण धावणार? त्यापेक्षा चेक निघण्याआधीच ठरावीक वाटा काढून घेतलेला बरा.

युरोपातल्या काही देशांनी हाच विचार उलट्या बाजूने केला. माणूस जाईल याची चिंता त्यांना नव्हती, तो यावा अशी इच्छा होती. स्पेनने २००५ मध्ये बाहेरून कामाला येणाऱ्यांसाठी २४ टक्क्यांचा सपाट दर आणला, तेव्हा तिथल्या बड्या पगारदारांना त्याच्या जवळजवळ दुप्पट कर पडे. या तरतुदीला लोकांनी नाव दिलं ‘बेकहॅम कायदा’, कारण २००३ मध्ये रेआल माद्रिदला आलेला डेव्हिड बेकहॅम तिचा लाभ घेणाऱ्या पहिल्यांपैकी होता. पुढे लोकांच्या डोळ्यांवर आले ते फुटबॉलपटूच. २०१० मध्ये ६ लाख युरोंची मर्यादा आली, २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूंना यादीतूनच काढलं. ज्याच्या नावाने कायदा ओळखला जातो, त्याच्या धंद्यातल्या कुणालाही आता तो लागू नाही. २०२३ मध्ये मात्र लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी दार उघडलं, आणि सोबत त्यांच्यासाठी वेगळा व्हिसाही ठेवला.

मराठी घरांत या प्रकारातली सर्वांत ओळखीची योजना म्हणजे नेदरलँड्सची ‘थर्टी पर्सेंट रूलिंग’. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून किंवा हिंजवडीतून आयंडहोवनला आणि अ‍ॅमस्टलवेनला गेलेल्या इंजिनिअरांच्या गप्पांत शाळा, सायकल आणि थंडीच्या बरोबरीने हा विषय निघतो. तत्त्व सोपं आहे. परदेशातून आलेल्या कुशल माणसाला घर बदलण्याचा, मायदेशी येण्या-जाण्याचा जादा खर्च असतो; त्यापोटी पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग कंपनीने करमुक्त द्यावा. वर्षाला ८०,००० युरो पगार असेल तर २४,००० बाजूला निघतात आणि कर लागतो ५६,००० वर. अटी दोन महत्त्वाच्या. करपात्र पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. २०२५ मध्ये ती ४६,६६० युरो होती. आणि नोकरी लागण्याआधीच्या २४ महिन्यांतले १६ हून अधिक महिने माणूस डच सीमेपासून १५० किलोमीटरहून दूर राहिलेला हवा. दुसरी अट शेजारच्या बेल्जियम आणि जर्मनीतून येणाऱ्यांना अडवण्यासाठी; वडगाव मावळच्या माणसाला तिची काय भीती!

या योजनेचं आयुष्य कसं आटत गेलं ते पाहण्यासारखं आहे. २०१२ पर्यंत सवलत दहा वर्षं मिळे, मग आठ, २०१९ पासून पाच. पाच वर्षांचा नियम आधीपासून तिथे असलेल्यांनाही लावला, तेव्हा आठ वर्षं गृहीत धरून घराचा हप्ता बसवलेल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि थोडी मुदतवाढ पदरात पाडून घेतली. २०२४ मध्ये वीस-वीस महिन्यांनी ३०, २० आणि १० टक्के अशी उतरती पायरी कायद्यात आली. कंपन्यांनी नाराजी दाखवल्यावर ती मागे घेऊन २०२७ पासून सरसकट २७ टक्के ठरलं. पोर्तुगालने २००९ मध्ये सुरू केलेली योजना तर याहून उदार होती: बाहेरच्या निवृत्तांना सुरुवातीला त्यांच्या परदेशी पेन्शनवर शून्य कर. फिनलंडने वैतागून पोर्तुगालशी असलेला करारच मोडला. लिस्बनची घरभाडी चढली तसे स्थानिक लोकही बिथरले, आणि २०२४ पासून ती योजना नव्यांसाठी बंद झाली.

मला यातून एक गोष्ट दिसते. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या स्थानिकापेक्षा पाहुण्याला कमी कर, हे फार काळ कुणी सहन करत नाही. सवलतीची जितकी जाहिरात, तितकी ती राजकारणाच्या तोंडी लवकर जाते. भारतात मात्र अशी एक सवलत कित्येक दशकं शाबूत आहे, कारण तिच्यावर ‘परदेशी’ अशी पाटी नाही. ती दिवसांच्या मोजणीत लपलेली आहे, आणि तळेगावात ती रोज वापरली जाते.

मावळात परदेशी माणूस पगारावर येणं तसं जुनंच. बोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे इंजिनिअर आणि कंत्राटदार इंग्लंडहून आलेले होते. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या सुरुवातीला घाटात मजुरांचा उद्रेक झाला. पहिला कंत्राटदार फॅविएल बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर चालवलं आणि दोन इंजिनिअरांच्या मदतीने घाट पुरा करून दाखवला. ती इथे हिशोब सांभाळत असतानाच, १८६० मध्ये, जेम्स विल्सनने भारतात पहिला आयकर आणला: वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यांना २ टक्के, त्यावर ४ टक्के. विल्सन स्वतःही परदेशी नोकरदारच होता. १८५९ च्या अखेरीस तो आला, आणि कायदा मंजूर झाल्यावर तीन आठवडे पुरते व्हायच्या आत कलकत्त्यात आमांशाने गेला. लंडनचं ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक काढणारा तो हाच. त्याचा कर पाच वर्षं टिकला, अ‍ॅलिस ट्रेडवेलचा घाट अजून चालू आहे.

आता तळेगाव. जनरल मोटर्सचा कारखाना इथे सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये थांबला. मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तो घ्यायचं ठरवलं होतं. जून २०२० मध्ये राज्य सरकारशी करारही झाला, पण त्याच महिन्यात गलवानमध्ये भारत-चीन चकमक झाली. सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी एप्रिलपासून सक्तीची झालीच होती. ती काही मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यात सौदा बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला, आणि २०२५ च्या शेवटी नवी ‘व्हेन्यू’ इथून बाहेर पडू लागली. त्या जागेत कुठल्या भाषेतून सूचना दिल्या जाणार, हे शेवटी गाड्यांच्या बाजारापेक्षा दिल्लीतल्या परवानग्यांनी ठरवलं.

समजा, कोरियातल्या उल्सानचा एक इंजिनिअर तळेगावात आला. तो यंत्रं बसवून चार महिन्यांत परतणार असेल तर प्रश्न लवकर मिटतो. भारताने बहुतेक देशांशी केलेल्या दुहेरी कर करारांत १८३ दिवसांची मुभा असते: त्याहून कमी मुक्काम, पगार मूळ परदेशी कंपनीकडून, आणि त्या पगाराचा बोजा इथल्या कंपनीच्या वहीत नाही, असं तिन्ही जुळलं तर कर मायदेशीच. तिसरी अट बऱ्याचदा नडते. मूळ कंपनी नंतर ‘आमच्या माणसाचा खर्च’ म्हणून बिल पाठवते, आणि मुभा गेलीच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरंही सांगितलं. असा माणूस पाठवणं ही मनुष्यबळ पुरवण्याची सेवा आहे, तेव्हा त्यावर सेवाकर द्या. जीएसटीच्या नोटिसा पुढे देशभरच्या कंपन्यांना गेल्या.

तीन वर्षांसाठी आलेल्याची गोष्ट वेगळी. एका आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तो रहिवासी. रहिवासी म्हटलं की जगभरचं उत्पन्न करपात्र व्हायला हवं, म्हणजे सोलमधल्या त्याच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा. इथे कायदा एक मधली पायरी ठेवतो. तिचं कायद्यातलं नाव लांबलचक आहे. सीए आणि बँकवाले तिला ‘आरएनओआर’ म्हणतात. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं जो अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ज्याचे भारतातले दिवस ७२९ पेक्षा जास्त नाहीत, तो रहिवासी असूनही या पायरीवर थांबतो. त्याचा भारतातल्या कामाचा पगार करपात्र, पण सोलचं भाडं नाही, तिकडच्या ठेवींचं व्याज नाही, शेअर विकून झालेला नफा नाही.

नऊ वर्षांच्या नियमाने त्याची पहिली दोन वर्षं निघतात. तिसऱ्या वर्षी तो नियम संपतो, आणि मग ७२९ हा आकडा कामाला येतो. पूर्ण दोन वर्षांचे दिवस होतात ७३०. कायद्याने मर्यादा एक दिवस अलीकडे ठेवली आहे! एप्रिलच्या पहिल्या तारखेला आलेला माणूस दोन वर्षांत एकही पूर्ण दिवस बाहेर गेला नाही, तर तिसऱ्या वर्षी त्याचं सोलचं भाडं भारतात करपात्र. पण चुसॉकच्या सणाला तो घरी जाऊन आला असेल तर तिसरं वर्षही सुटलं. विमानात बसल्याचा आणि उतरल्याचा दिवस बहुधा भारतातलाच धरतात, त्यामुळे मधला अख्खा दिवस बाहेर हवा. बड्या कंपन्यांचे परदेशी अधिकारी साधारण तीन वर्षांनी बदलतात. त्यात या आकड्याचा हात किती, हे त्यांचे कर सल्लागार जाणोत.

हीच पायरी परत येणाऱ्या मराठी माणसालाही मिळते. दहा-पंधरा वर्षं परदेशात काढून तळेगावात घर बांधणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं तिकडचं व्याज, तिकडचं भाडं इथे दाखवून कर भरावा लागत नाही. जातानाही तारीख बघावी. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८१ दिवसांहून अधिक इथे राहिला नसेल तर अनिवासी ठरतो, आणि एप्रिलपासून मोजलं तर ही कड येते २८ सप्टेंबरला. घरचे म्हणतात दसरा करून जा, सीए म्हणतो गणपती करून लगेच निघा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, दिवसांची ही मोजणी तीच राहिली.

लोणावळ्याकडे येऊ. तिथल्या बंगल्यांचे किती तरी मालक दुबई, लंडन, सिंगापूरला असतात. त्यांना पूर्वी वर्षाला १८१ दिवस बिनघोर राहता येई. २०२० च्या अर्थसंकल्पाने ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर आहे, त्यांच्यासाठी ही हद्द १२० दिवसांवर आणली, मात्र मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले असतील तरच. बंगल्याचं शनिवार-रविवारचं भाडं त्या १५ लाखांत धरायचं. जिथे आयकरच नाही अशा देशात राहणाऱ्या, १५ लाखांवर भारतीय उत्पन्न असलेल्या नागरिकाला तर दिवस न मोजताच रहिवासी मानायचं ठरलं. दुबईत तेव्हा मोठी घबराट पसरली. पण दोघांनाही कायदा त्याच आरएनओआर पायरीवर उभं करतो, तेव्हा दुबईतला पगार सुरक्षितच राहिला. भीती मोठी, बोजा थोडा.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कित्येक जण इथेच अडकले. विमानं बंद, दिवस चढत चाललेले. मे २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं: अडकलेल्यांचे २२ ते ३१ मार्च हे दिवस त्या वर्षापुरते मोजू नका. पुढच्या वर्षीही तशीच सूट मिळेल म्हणून लोक थांबले. मार्च २०२१ चं परिपत्रक आलं तेव्हा त्यात सरसकट माफी नव्हती. ज्याला खरोखर दोन्हीकडे कर पडतोय त्याने अर्ज करावा, एवढंच होतं.

कराच्या आधी व्हिसा येतो, आणि आपल्याकडे व्हिसा मिळायलाही पगाराची किमान पायरी आहे. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वर्षाला १६ लाख २५ हजारांहून अधिक पगार हवा, म्हणजे इथल्या माणसाची नोकरी स्वस्तातल्या परदेशी माणसाकडे जाऊ नये. या अटीतून ज्यांना वगळलंय त्यांत पहिलं नाव आहे स्वयंपाक्याचं. आपापल्या देशाचं जेवण करणारा आचारी कितीही पगारावर आणता येतो. इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणारे आणि दुभाषेही सुटले आहेत. कोरियन कारखान्यामागोमाग किमची करणारा येतो, त्याची वाट गृहखात्याने अशी मोकळी ठेवलेली आहे. मला आपल्या सगळ्या व्हिसा नियमांत हा सर्वांत शहाणा वाटतो.

लोणावळ्याचे परदेशी पाहुणे निराळे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात योग शिकायला बाहेरून लोक येतात. थोड्या दिवसांचं शिबिर पर्यटक व्हिसावर चालतं, वर्षभराच्या पदविकेला विद्यार्थी व्हिसा लागतो. आणि शिबिर संपल्यावर तिथेच खोली घेऊन, लॅपटॉप उघडून बर्लिनच्या कंपनीचं काम करत बसलं तर? एस्टोनियाने २०२० मध्ये, नंतर पुष्कळ देशांनी अशा लोकांसाठी व्हिसा काढले. भारताने काढलेला नाही, आणि पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. आयकराच्या दृष्टीने तर काम जिथे बसून केलं तिथलाच पगार. ९० दिवसांपर्यंतची एक सूट आहे, पण ती कंपनीचा भारतात काहीही धंदा नसेल तर. सहा महिन्यांहून मोठ्या व्हिसावर आलेल्याने सहसा १४ दिवसांत ‘ई-एफआरआरओ’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. घरमालकावरही काम येतं: हॉटेल असो, होमस्टे असो की बंगला, परदेशी पासपोर्टचा पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची. सगळे या फॉर्मला ‘फॉर्म सी’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही हे बंधन कायम आहे.

पगाराच्या मांडणीतही एक गंमत आहे. परदेशी अधिकाऱ्याला कंपनी बहुतेक वेळा हातात पडणारी रक्कम कबूल करते. इथला कर कंपनी भरणार. आता ३० टक्के दर धरून त्याला ७० लाख हातात द्यायचे आहेत. त्याचे ३० टक्के म्हणजे २१ लाख भरून काम भागत नाही, कारण कंपनीने भरलेला करही त्याचं उत्पन्नच. त्यावर पुन्हा कर. फिरत फिरत हिशोब थांबतो तो १०० लाख पगार आणि ३० लाख करावर. घराचाही असाच वाटा. १ सप्टेंबर २०२३ पासूनच्या नियमांनुसार तळेगावसारख्या छोट्या गावात कंपनीच्या मालकीचं घर दिलं तर पगाराच्या ५ टक्के रक्कम उत्पन्नात धरतात. भाड्याने घेऊन दिलं तर १० टक्के किंवा प्रत्यक्ष भाडं, जे कमी ते. घर मिळेपर्यंत साहेबाला लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ठेवलं तर बदलीच्या वेळचे पहिले १५ दिवस माफ. त्यापुढे २४ टक्के किंवा प्रत्यक्ष बिल, यांतलं कमी ते. सोळाव्या दिवसापासून डोंगराचं दृश्य महाग पडू लागतं.

सगळ्यांत मोठी कुरकुर मात्र आयकराची नाही, पीएफची आहे. जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाल्यावर महिन्याभरात, १ ऑक्टोबर २००८ पासून, केंद्राने परदेशी कामगारांना भविष्यनिर्वाह निधीत ओढलं. भारतीय कामगाराच्या सक्तीच्या वर्गणीला १५,००० रुपयांच्या पगाराची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. परदेशी माणसाला मर्यादाच नाही. महिना ५ लाख पगार असेल तर त्याचे ६०,००० आणि कंपनीचेही तेवढेच. आणि मायदेशी जाताना रक्कम मिळत नाही. ती ५८ वर्षं वयाला.

यातून सुटका होते ती सामाजिक सुरक्षा करार झालेल्या देशांच्या लोकांची, तिकडे वर्गणी चालू असल्याचं प्रमाणपत्र आणलं तर. दक्षिण कोरियाशी असा करार नोव्हेंबर २०११ पासून आहे, जपानशी ऑक्टोबर २०१६ पासून, जर्मनीशीही आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, तेव्हा त्यासोबत तीन वर्षांपर्यंत दुहेरी वर्गणी टाळायचं ठरलं. अमेरिकेशी काहीच नाही, आणि नियमाचा खरा रोख तिकडेच होता असं मला वाटतं. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांच्या पगारातून तिथे ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी कापली जाते. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि एच-१बीची नेहमीची मुदत सहा वर्षं. ग्रीन कार्डाच्या रांगेत न लागता जो परत येतो, त्याचे पैसे तिथेच राहतात. तुम्ही आमच्यांचे ठेवता, आम्ही तुमच्यांचे ठेवतो, असा हा डाव. सतरा वर्षांत अमेरिका त्याने हललेली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला: परदेशी आणि भारतीय कामगारांत असा भेद करता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं उलट म्हटलं आणि नियम वैध ठरवला. त्यामुळे तळेगावात एकाच विभागात बसणाऱ्या दोन परदेशी इंजिनिअरांपैकी कोरियनाच्या पगारपत्रकात पीएफची ओळ सहसा नसतेच, आणि अमेरिकनाच्या पगारपत्रकात ती आयकराच्या खालोखाल सर्वांत मोठी कपात ठरू शकते.